गणपती पेठेतलं बाइंडिंगचं दुकान आणि माझी कात्रणं

शाळेत नागरिकशास्त्राच्या फळ्यासाठी कात्रणं जमवायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही राहिली. २०१९ च्या पुरात सांगलीतल्या आमच्या खालच्या खोल्या बुडाल्या. माळ्यावरचे गठ्ठे वाचले, पण ओल धरून बसले. ते यंदा बांधून घेतले.

दुकान गणपती पेठेतून आत जाणाऱ्या बोळात आहे. दर्शनी भागात लग्नपत्रिका टांगल्यात, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. काम मात्र अस्सल. मैद्याची खळ, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद, आणि जुजबंदी, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्यानं शिवून केलेली बांधणी. तीन खंडांचे १,०५० रुपये झाले. पंधरा दिवस सांगून तेवीस लावले, पण कुठलंही पान उघडा, सपाट राहतं.

मधेच दुकानाच्या काकांचा फोन आला, "बाई, वझिरिस्तानच्या शांतता कराराची बातमी तीनदा आलीय. एकच डकवू का?"

तिन्ही वेगळ्या होत्या. वझिरिस्तान म्हणजे पाकिस्तानचा अफगाण सीमेवरचा टोळ्यांचा भाग, आणि हे करार पाकिस्तान सरकारनं तिथल्या बंडखोरांशी केलेले. एप्रिल २००४ मध्ये शकई गावी तालिबानी म्होरक्या नेक मोहम्मदशी झालेला करार, त्यात तर लष्करी अधिकाऱ्यानं त्याच्याशी हारांची देवाणघेवाण केली होती. काही आठवड्यांत करार मोडला. फेब्रुवारी २००५ मध्ये सरारोघाला दुसरा म्होरक्या बैतुल्ला मेहसूदशी. सप्टेंबर २००६ मध्ये मिरानशाहचा. बंदुका त्यांच्याच हातात राहिल्या. सरकारच्या बाजूनं उभे राहिलेले टोळ्यांचे मलिक, म्हणजे प्रमुख, एकेक करून मारले गेले. आणि डिसेंबर २००७ मध्ये त्याच बैतुल्लानं पाकिस्तानी तालिबान उभी केली. सरकारला थोडी शांतता मिळाली, त्यांना तयारीला वेळ मिळाला.

सगळ्यात जड पान पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्याचं. जानेवारी २००९ मध्ये तिथल्या तालिबाननं मुलींच्या शाळा बंद करायला लावल्या. फेब्रुवारीत प्रांतिक सरकारनं तिथं शरियत लागू करण्याची मागणी करणाऱ्या मौलवी सुफी मोहम्मदशी करार केला, १३ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष झरदारींनी त्यानुसार शरियत न्यायालयांच्या कायद्यावर सही केली. त्याच महिन्यात बंदूकधारी बुनेरमध्ये उतरले, इस्लामाबादपासून शंभरेक किलोमीटरवर. मे महिन्यात लष्कर घुसवावं लागलं आणि वीस लाखांवर माणसं घरदार सोडून निघाली. हे कात्रण मी आठवीच्या वर्गात लावलं तेव्हा एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, सही करायच्या आधी त्या मुलींना कुणी विचारलं का?"

अमेरिका आणि अफगाण तालिबानमधला दोह्याचा करार, २९ फेब्रुवारी २०२०, तिसऱ्या खंडात आहे. काबूलचं सरकार बोलणीत नव्हतं, तरी पाच हजारांपर्यंत कैदी सोडण्याचं कलम त्यात होतं. स्त्रियांच्या हक्कांबद्दल एक ओळ नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडलं. सहावीच्या पुढच्या मुलींना शाळेची दारं बंद झाली. हे पान मी अजून नीट वाचू शकत नाही.

बोलणी करूच नयेत असं मी म्हणत नाही. पहिल्या खंडाच्या पहिल्याच पानावर जून १९८६ चा मिझोराम करार आहे. मिझो बंडखोरांचे नेते लालडेंगा यांची माणसं शस्त्रं ठेवून जंगलातून बाहेर आली, राज्यघटना मानली, निवडणूक लढवली. तो टिकला. जो आधी शस्त्र ठेवायला तयार नाही, आणि ज्याच्या मागणीतच दुसऱ्याच्या मुलीची शाळा बंद करणं आहे, त्याला गावं देऊन सरकारनं शांतता आणली असं कुणी सांगितलं तर मला ते पटत नाही.

तक्रार एकच. कडा कापताना मिरानशाहच्या कात्रणाची तारीख मशीनखाली गेली. काकांनी चूक लगेच कबूल केली, तारीख मी पेन्सिलीनं लिहिली. तुम्ही कात्रणं देणार असाल तर चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून कापा. आणि पावसाळ्यात देऊ नका, खळ वाळत नाही. दिवाळीनंतर जा.