एका पेराचे रोज साडेचाळीस रुपये

ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, अपघात लाभाला पाचपैकी साडेतीन तारे. पगारातून महिन्याला 113 रुपये कापले जायचे तेव्हा मीच कुरकुर करायचो, हेही आधी सांगून टाकतो.

भोसरीत पॉवर प्रेसवर होतो, ठेकेदाराकडून. प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात, हात आत राहू नये म्हणून. आमच्याकडे माल जास्त निघावा यासाठी एक बटण टेप लावून कायमचं दाबलेलं. सेकंड शिफ्टला डाव्या हाताने दुसरं दाबलं, उजवा अजून आत. तर्जनीचं वरचं पेर गेलं.

टाके पडत होते तेव्हाच ठेकेदार कानाशी आला. “घरी दारात सापडलं म्हण. पगार मी देतो.” मी हो म्हणणारच होतो. लाईनीवरचे एक मामा, त्यांची स्वतःची दोन बोटं गेलेली, ते म्हणाले, “पगार तो दोन महिने देईल. बोट जन्माचं गेलंय. आधी अपघाताच्या रजिस्टरात लिहून घे.”

ते एक वाक्य लाखमोलाचं निघालं. घरचा अपघात म्हणजे आजारपण, त्याचे सरासरी रोजाच्या 70 टक्के, तेही वर्गणीचे दिवस भरले असतील तर. मला नोकरीला लागून चारच महिने झालेले, म्हणजे हातात भोपळा. कामावरचा अपघात असला की वर्गणी किती भरली ते बघत नाहीत. सरासरी रोजाच्या 90 टक्के, बरं होईपर्यंत. मामांनी पाठ सोडली नाही, म्हणून अपघाताचा फॉर्म 12 गेला. माझा रोज 500 धरला, दर बसला 450. सुट्टीच्या 47 दिवसांचे 21,150 रुपये खात्यात आले. औषधपाण्याला खिशातून काही गेलं नाही.

दीड तारा कापला तो तक्त्यासाठी. मेडिकल बोर्डाने एक्स-रे पाहिला, बोट वाकवून पाहिलं आणि कमाईची ताकद 9 टक्के गेली असं लिहिलं. तर्जनीचं एक पेर म्हणजे 9, अख्खी गेली तर 14, करंगळीच्या पेराला 5. कायद्याच्या परिशिष्टात सगळ्या बोटांचा असा भाव ठरलेला आहे. हात उजवा की डावा, त्याला फरक नाही. माझं सगळं काम उजव्या हाताचं, पण ते सांगायला तक्त्यात रकाना नाही. 450 चे 9 टक्के म्हणजे रोज साडेचाळीस, महिन्याला साधारण 1,215. जन्मभर मिळतील, नोकरी करत असलो तरी.

आता पॅकिंगला आहे. नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी विचारतो, ईएसआयचा नंबर आला का, रजिस्टर कुठे असतं ठाऊक आहे का. ठेकेदाराला ते आवडत नाही.

परवा बँकेत पैसे काढायला गेलो तर सही जुळेना. पेन मधल्या बोटावर धरतो, अक्षर डावीकडे कलतं. तीनदा करून दाखवली. शेवटी बाईंनी शाईचा डबा पुढे सरकवला आणि बारावी पास माणसाने अंगठा उठवला.