नीलक्कुयिल (१९५४): लव्हस्टोरी म्हणून बघायला बसाल तर हिरोचाच राग येईल

जुन्या मल्याळम सिनेमाचा विषय निघाला की कोणीतरी नीलक्कुयिल बघ म्हणून सांगतंच, आणि सांगताना म्हणतं काय तर रोमँटिक आहे, गाणी भारी आहेत. गाणी भारी आहेतच, त्यावर खाली भरपूर लिहिलंय, पण रोमँटिक म्हणून बघायला बसलात तर पहिल्या भागानंतर हाताला काही लागणार नाही कारण प्रेम तिथेच संपतं आणि पुढचा सगळा पिक्चर एका भित्र्या माणसाने ते प्रेम नाकारल्यावर कोणाकोणाला काय काय भोगावं लागलं ह्याचा आहे. मला तो तसाच आवडला. पण शेवटाबद्दल माझी तक्रार आहे, मोठी आहे, ती पण सांगते.

स्पॉयलर वगैरे मानत नाही मी, सत्तर वर्षं होऊन गेली पिक्चरला. तर गोष्ट अशी की नीली ही शेतमजूर पोरगी, पुलया जातीची, म्हणजे तेव्हाच्या केरळात ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायचे त्यांच्यातली. श्रीधरन नायर हा गावातला शाळामास्तर, वरच्या जातीचा, शिकलेला, गोड बोलणारा. एका धो धो पावसाच्या रात्री ती त्याच्या घरी आडोशाला येते आणि तिथून पुढे जे व्हायचं ते होतं. तिला दिवस जातात. मास्तर लग्नाला नाही म्हणतो, लोक काय म्हणतील म्हणून, आणि थोड्याच दिवसांत नलिनी नावाच्या चांगल्या घरच्या नायर मुलीशी रीतसर लग्न करून मोकळा होतो. नीलीला तिच्या घरचे पण बाहेर काढतात. ती रेल्वेच्या रुळांजवळ मेलेली सापडते आणि शेजारी नुकतं जन्मलेलं पोर रडत असतं. गाव जमतं, बघतं, पण हात कोणी लावत नाही, आणि शेवटी शंकरन नायर नावाचा पोस्टमन ते पोर उचलून घरी नेतो. हा पण जातीने नायरच, गाव त्याला नावं ठेवतं पण तो ऐकत नाही, पोराचं नाव मोहन ठेवतो आणि त्याला वाढवतो, त्याच गावात, खऱ्या बापाच्या डोळ्यांसमोर. मास्तरला मात्र नलिनीपासून मूल होत नाही आणि तो आतून कुरतडत राहतो.

आता हे सगळं १९५४ सालचं आहे हे डोक्यात ठेवून बघा. केरळ नावाचं राज्यच तेव्हा नव्हतं, ते झालं १ नोव्हेंबर १९५६ ला. त्रावणकोर संस्थानात दलितांना देवळात जाऊ द्यायचा जाहीरनामा निघाला १९३६ मध्ये, म्हणजे अठराच वर्षं झालेली. आणि मल्याळम सिनेमा तोवर बराचसा पौराणिक कथा नाहीतर तमिळ-हिंदीची नक्कल ह्यातच अडकलेला. त्यात हे लोक आले, पी. भास्करन आणि रामू कारियाट असे दोन दिग्दर्शक, दोघेही डाव्या चळवळीच्या वर्तुळातले, भास्करन तर कवी, ह्याच पिक्चरची गाणी त्यांनीच लिहिली आणि पोस्टमनचं कामही त्यांनीच केलंय. कथा उरूब ह्यांची, म्हणजे पी. सी. कुट्टिकृष्णन, मल्याळममधले मोठे कादंबरीकार. पैसे घातले फोर्ट कोचीच्या टी. के. परीकुट्टी ह्यांनी. कॅमेरा ए. विन्सेंट. ह्या सगळ्यांनी मिळून पहिल्यांदा केरळातलं खरं गाव, खरी बोली आणि खरी भांडणं पडद्यावर आणली असं म्हणतात आणि बघताना ते पटतं. चहाच्या दुकानात बसून दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी चघळणारी माणसं आहेत ना, ती आपल्याकडच्या कुठल्याही गावच्या पारावर आणून बसवा, एक वाक्य बदलावं लागणार नाही.

आपल्या श्यामची आईला पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णपदक मिळालं हे आपल्याला पाठ असतं, तर लगेच पुढच्या वर्षीच्या पुरस्कारांत नीलक्कुयिलची दखल घेतली गेली आणि राष्ट्रीय पातळीवर मान मिळालेला तो पहिला मल्याळम पिक्चर. कारियाट ह्यांनी पुढे १९६५ मध्ये चेम्मीन केला आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक दक्षिणेत पहिल्यांदा नेलं. लोक तिथून सुरुवात करतात, रंगीत आहे, समुद्र आहे, मन्ना डे आहेत. मी म्हणेन आधी हा बघा.

अ‍ॅक्टिंगचं बोलायचं तर नीली झालेली मिस कुमारी. बाईच्या वाट्याला अर्ध्याहून कमी पिक्चर आलाय आणि तरी संपल्यावर तीच लक्षात राहते. सुरुवातीची तिची ऐट, शेतातलं हसणं, आणि मग मास्तर तोंड फिरवतो तेव्हाचा तो चेहरा, आरडाओरडा न करता नुसतं बघत राहते. त्या काळातल्या पिक्चरांत हिरॉइन अशा वेळी खांबाला धरून चार कडवी रडायच्या, त्या मानाने हे फारच वेगळं. मास्तर झालेले सत्यन थोडे ताठ वाटतात पण ते ह्या रोलला शोभतं, कारण मास्तर आहेच तसा, बाहेरून इस्त्री केलेला आणि आतून चुरगळलेला. गंमत म्हणजे सत्यन स्वतः आधी शाळेत शिकवायचे, मग सैन्यात, मग पोलिसात, आणि तिथून सिनेमात आले. आणि ते नाडर समाजातले, म्हणजे पडद्यावरच्या नायर मास्तरच्या तोऱ्याचा त्रास ज्यांनी पिढ्यान्पिढ्या सोसला त्यांच्यापैकी. भास्करन पोस्टमन म्हणून मस्त, ऐन भाषणाच्या जागीही घरातल्यासारखं बोलतात. छोटा मोहन झालेला मुलगा विपिन, तो मोठेपणी मल्याळममधलाच नावाजलेला कॅमेरामन विपिन मोहन झाला.

गाण्यांवर यायचं तर थोडं बसून बोलायला हवं. संगीतकार के. राघवन मूळचे थलश्शेरीकडचे, कोझिकोड आकाशवाणीवर काम करायचे, उरूब पण तिथलेच. तोवर तिकडे चाल म्हणजे हिंदी नाहीतर तमिळ हिट गाण्यावर मल्याळम शब्द बसवायचे असा सरळ धंदा चालायचा. राघवनमास्तरांनी मलबारची लोकगीतं आणि मापिळा मुसलमानांची गाणी उचलली आणि त्यातून चाली केल्या. 'कायलरिकत्तु' हे गाणं त्यांनी स्वतःच गायलंय, खाडीकाठी जाळं टाकताना बांगड्या वाजवणारी एक सुंदरी दिसते असं काहीसं, आणि ठेका असा की शब्द कळले नाही तरी मांडीवर हात पडतो. आजही केरळात गाण्याच्या कार्यक्रमात ते लागतंच. 'एल्लारुम चोल्लण' हे जानम्मा डेव्हिड ह्यांचं, नीलीचं गाणं, सगळे म्हणतात ह्या छातीत दगड आहे पण मी हात लावला तर उसाचं कांडं निघालं. आणि हे ती त्या माणसाबद्दल गाते! पुढचं माहीत असताना दुसऱ्यांदा ऐका, पोटात कालवतं. मेहबूबचं 'मानेन्नुम विळिक्किल्ला' वेगळ्याच मूडचं, तुला हरणी म्हणणार नाही, मोर म्हणणार नाही, अशी सगळी ठरलेली उपमा मोडीत काढणारं. आणि कोझिकोड अब्दुल खादर ह्यांचं 'एंगने नी मरक्कुम' हे माझं सगळ्यात आवडतं, गझलेच्या अंगाने जाणारा जड आवाज. कसं विसरशील गं कोकिळे, असं विचारतो आणि विसरून मोकळा कोण झालाय ते आपल्याला माहीत असतं.

विन्सेंटचा कॅमेरा, जेवढा खराब प्रिंटमधून दिसला तेवढा, आवडला. पावसाच्या रात्रीत कंदिलाचा उजेड फक्त चेहऱ्यावर ठेवलाय. लांबी मात्र जास्त आहे, मधले विनोदी सीन सरळ पळवले तरी चालतील, मी पळवले.

आता तक्रार. शेवटी मास्तर बायकोला सगळं कबूल करतो, नलिनी मोठ्या मनाने पोराला स्वीकारते, आणि पोस्टमन मोहनला सोपवताना सांगतो की ह्याला नायर म्हणून नको, मापिळा म्हणून नको, पुलया म्हणून नको, माणूस म्हणून वाढवा. ह्या वाक्यावर लोक फिदा आहेत आणि १९५४ मध्ये ते थेटरात म्हणायला छाती लागत असणार, मान्य. पण हिशोब बघा ना. नीली मेली. तिचे घरचे तिला बाहेर काढून गोष्टीतूनच गेले, दुसऱ्या भागात तिच्या वस्तीतलं कोणी धड बोलतही नाही. पोर एका नायराच्या घरातून दुसऱ्या नायराच्या घरात गेलं आणि मास्तरला काय शिक्षा झाली तर थोडी घुसमट. वर वारस मिळाला! क्षमा मागायची ती जिची मागायची ती तर रुळांजवळ संपली, आणि माफी मिळाली दुसऱ्याच बाईकडून, जिची स्वतःची फसवणूक झालीये हे कोणाला आठवतही नाही. नलिनीचं काम प्रेमा नावाच्या नटीने ठीक केलंय पण लिहिणाऱ्यांनी तिला हो म्हणण्यापलीकडे ठेवलंच नाहीये.

आणि एक गोष्ट ह्याच्याही मागची. पहिल्या मल्याळम मूकपटाची हिरॉइन पी. के. रोझी दलित होती, तिने पडद्यावर नायर बाईचं काम केलं म्हणून लोकांनी दगड मारले आणि तिला गाव सोडून पळावं लागलं. नीलक्कुयिलमध्ये दलित नीली झालेली मिस कुमारी ही भरणंगानमची ख्रिश्चन, मूळ नाव त्रेस्यम्मा. तिचा काही दोष नाही, काम जीव तोडून केलंय. पण दलित बाईची गोष्ट सांगायला दलित बाई सोडून बाकी सगळे हजर, हे खटकतं आणि खटकायला हवं.

रेटिंग द्यायचंच तर पाचपैकी चार, त्यातला एक पूर्ण राघवनमास्तरांचा. एका बैठकीत नका बघू, पोस्टमन पोर उचलतो तिथे ब्रेक घ्या, पिक्चर तसाही तिथे दुसरा सुरू होतो. सबटायटलवाली कॉपी मिळाली तर उत्तम, नाहीतर वरची गोष्ट वाचून बसलात तरी सगळं कळेल, फक्त चहाच्या दुकानातले टोमणे हुकतील. हेडफोन लावू नका, जुन्या साउंडट्रॅकची खरखर कानात बसते, साध्या स्पीकरवर ऐका. आणि हॅपी एंडिंगवाली प्रेमकथा हवी असणाऱ्यांनी ह्याच्या वाटेला जाऊ नका, उगाच मास्तरला शिव्या घालत बसाल.