टू-लो करून घेतल्याचा अनुभव: क्लच वाचला, दिव्याने जीव खाल्ला

बहुतेक फोर व्हील ड्राइव्ह पिकअपला लो रेंज, म्हणजे गाडी हळू पण जोरात ओढणारी गिअरची खालची पातळी, हवी असेल तर पुढची चाकंही जोडावीच लागतात (फोर-लो). टू-लो म्हणजे तीच लो रेंज, पण जोर फक्त मागच्या चाकांना. असं का, हा प्रश्न ज्याने जड ट्रेलर कोरड्या काँक्रीटवर वळवत उलटा घेतलाय त्यालाच पडतो. मला तो क्लचच्या जळक्या वासाने पडला.

हिशेब साधा आहे. माझ्या गाडीचा रिव्हर्स गिअरचा रेशो 3.9, क्राउन-पिनियनचा (धुऱ्यातल्या शेवटच्या गिअरजोडीचा) 3.9 आणि टायरचा घेर साधारण 2.4 मीटर. इंजिन 750 आरपीएमवर ठेवून क्लच पूर्ण सोडला तर गाडी ताशी 7 किमीने मागे जाते. मोकळ्या मैदानात ठीक आहे, पण मागे दोन चाकी ट्रेलर आणि दोन्ही बाजूंना भिंत असेल तर हा वेग फार होतो. मग हाफ क्लच आलाच. आता ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सनंतर जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीचा) लो रेशो 2.57 धरा. तेच 750 आरपीएम, पण वेग पावणेतीन किमी. पाय क्लचवरून काढून ठेवायचा, लक्ष आरशांवर आणि स्टिअरिंगवर. एवढ्यासाठीच हा खटाटोप.

मग सरळ फोर-लो टाकून उलटा का घेत नाही, असं विचारणारे बरेच भेटले. बाबांनो, पार्ट-टाइम (गरजेपुरती पुढची चाकं जोडणाऱ्या) सिस्टीमला मधलं डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसतं. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरणार, आणि वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालणार. मातीत टायर थोडे घसरून तो फरक जिरवतात. कोरड्या काँक्रीटवर तो जिरत नाही. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळत चालते, टायर किंचाळतात, आणि काम झाल्यावर लिव्हर फोर-लोमधून निघता निघत नाही. सरळ रेषेत थोडं पुढे-मागे केल्यावर कुठे सुटते.

ज्यांच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे लॉकिंग हब (चाक धुऱ्याला जोडणारी-सोडणारी कळ) आहेत त्यांना टू-लोसाठी गाडीत काहीच बदल करावा लागत नाही. हब 'फ्री'वर ठेवा, फोर-लो टाका, झालं टू-लो. पुढचा शाफ्ट नुसता फिरत राहतो. दाना 300 किंवा एनपी 205 सारख्या जुन्या, गिअरवर चालणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये गिअर सरकवणाऱ्या दोन रॉडच्या मधली, एकाला दुसऱ्याशी बांधून ठेवणारी इंटरलॉकची पिन काढून दोन वेगळ्या लिव्हर लावतात, तो राजेशाही मार्ग. आणि एलटी 230 सारखं मधलं डिफरन्शियल असलेली गाडी असेल तर ते अनलॉक ठेवूनही लो रेंज मिळते, म्हणजे प्रश्नच नाही.

माझ्याकडे यातलं काही नाही. लिव्हर जमिनीवर, पण पुढचा धुरा व्हॅक्यूमने जोडला-सोडला जातो. एका बाजूच्या हाफ शाफ्टमध्ये (चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यात) सरकणारी स्लीव्ह, म्हणजे जोडकडी, आहे. ती सुटलेली असली की पुढचं डिफरन्शियल आतल्या आत फिरतं आणि चाकांना जोर जात नाही. (पुढे लॉकर, म्हणजे धुऱ्याची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं कुलूप, बसवलेला असेल तर स्लीव्ह सुटलेली ठेवायचा हा उपाय विसरा, जोडलेलं एक चाक ओढत राहील.) टू-लोचं तयार किट मिळतं, पण एक स्विच, एक डबी आणि हातभर वायर यासाठी किट विकत घेणं माझ्या स्वभावात बसत नाही.

पहिली आवृत्ती फुकटातली. बॉनेट उघडायचं, धुरा जोडणारी व्हॅक्यूमची नळी उपसायची, तोंडाला रबरी बूच मारायचं. चाललं की! लो रेंज मागच्याच चाकांना मिळाली, स्टिअरिंग लोण्यासारखं, क्लचचा वास गायब. तेव्हा मी प्रत्येकाला हे करून घ्या म्हणून सांगत सुटलो होतो.

पण तो दिवा. डॅशवरचा फोर व्हील ड्राइव्हचा हिरवा दिवा धुरा पूर्ण जोडला जाईपर्यंत लुकलुकतो. इथे धुरा कधी जोडलाच जाणार नाही, म्हणजे तो लुकलुकतच राहणार. दिवसा दुर्लक्ष करता येतं. रात्री, मागच्या आरशात ट्रेलरची कड शोधताना, डोळ्यांच्या कोपऱ्यात हे सारखं टुक टुक टुक. मी त्यावर काळी टेप लावली, तर कडेने उजेड फुटायचा. दुहेरी टेप लावली, तर शेजारचा बॅटरीचा दिवा झाकला गेला. गिअरबॉक्सचा आवाज, मायलेज, टायरची झीज, कशानेच मला एवढं छळलं नाही.

शेवटी वायरिंगचा नकाशा घेऊन बसलो. ट्रान्सफर केसवर दोन स्विच निघाले: एक 'फोर व्हील लागलं' हे सांगणारा, दुसरा 'लो लागलं' हे सांगणारा. पहिल्याच्या सिग्नलची वायर डॅशखालून जाते. तिच्यात एक स्विच घातला. आता कंट्रोल युनिटला वाटतं गाडी टू-हायमध्येच (साध्या मागच्या दोन चाकांवर) आहे, म्हणून ते व्हॅक्यूम सोडवायच्या बाजूलाच धरून ठेवतं आणि दिवा लुकलुकत नाही. बूच-नळीपेक्षा हे पक्कं, कारण स्लीव्ह नुसती बेवारस राहत नाही, व्हॅक्यूमने धरलेली राहते. बॉनेटही उघडावं लागत नाही.

मात्र आता दिवा लागतच नाही. ट्रेलर सोडून रस्त्याला लागलो की वीसच्या वेगात इंजिन बोंबलायला लागतं, तेव्हा कळतं लिव्हर अजून लोमध्येच आहे. मग 'लो'च्या स्विचवरून रिले घेऊन एक छोटा पिवळा दिवा लावला. स्थिर जळणारा. यावर माझं समाधान आहे, आणि घरच्यांच्या मते या दिव्यावर मी गाडीपेक्षा जास्त बोलतो.

वापराचा क्रम पाळावा लागतो: गाडी थांबलेली, चाकं सरळ, आधी स्विच, मग लिव्हर. वळणात असताना स्विच परत चालू केला तर स्लीव्हचे दात खडखडतात, तो आवाज ऐकून जेवण गोड लागत नाही.

सुरुवातीला वाटलं होतं, ट्रेलर नसतानाही याचा उपयोग होईल. मत बदललं. माझ्या गाडीचा मागचा लॉकर फक्त लोमध्ये लागतो, तो आता टू-लोमध्येही लागतो, हे ऐकायला भारी. पण चिखलात चारही चाकं हाताशी असताना दोनच का वापरायची? आणि ओल्या उतारावर तर टू-लो नकोच. लोमधलं इंजिन ब्रेकिंग जबरदस्त असतं, ते सगळं मागच्या दोन चाकांवर येतं, आणि उतरताना मागचं वजन आधीच हलकं झालेलं असतं. मागचे टायर धरले गेले की गाडी आडवी होते. उतारावर फोर-लोच.

दुसरी गोष्ट जोराची. फोर-लोमध्ये पुढचा शाफ्ट आपला वाटा उचलतो. टू-लोमध्ये अडीचपट झालेला सगळा पीळ मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर, त्याच्या क्रॉसवर (युनिव्हर्सल जॉइंटवर) आणि हाफ शाफ्टवर. एरवी टायर घसरून सुटका होते, पण ट्रेलरचं वजन हुकवर असताना टायरची पकड वाढते आणि सुटका होत नाही. म्हणून झटक्याने क्लच सोडायचा नाही. मी सोडत नाही.

तरीही मागचा क्रॉस वाजायला लागला आणि सर्व्हिस सेंटरला निमित्त मिळालं. डॅशखालचा स्विच बघून सल्लागार साहेबांनी लगेच निकाल दिला: बदल केलाय, वॉरंटी नाही. मी म्हटलं, काढलेला क्रॉस दाखवा. टोपी उघडली तर आत सुयांच्या (बेअरिंगच्या बारीक रोलरच्या) जागी लालसर कोरडी भुकटी. ग्रीसचा थेंब नाही. जास्त जोराने क्रॉस तुटतो नाहीतर त्यावर सुयांचे खाच उमटतात. लाल भुकटी म्हणजे ग्रीस संपलं आणि पाणी शिरलं. आणि हा सीलबंद क्रॉस, त्याला ग्रीसचं निपलच नाही, मी ग्रीस भरणार कुठून? साहेब म्हणाले, "कंपनीला कळवतो." कळवलं की नाही देव जाणे, बिल मात्र मीच भरलं. नवा क्रॉस बाहेरून आणून निपलवाला बसवून घेतला.

गाडी हातात आली तेव्हा माझी सिग्नलची वायर परस्पर कापून सरळ जोडलेली होती, मला न विचारता. ती पुन्हा काढून घेतली, या वेळी दोन्ही टोकांना कनेक्टर लावून. सर्व्हिसला द्यायच्या आधी स्विच खिशात, कनेक्टर एकमेकांत.