फॅरनहाइट ४५१: आमच्या घरात पाच जणांनी वाचली, पाच मतं झाली

लेकीला नववीत इंग्रजीसाठी रे ब्रॅडबरीची फॅरनहाइट ४५१ लागलीये. तिचं बोर्ड आंतरराष्ट्रीय, त्यामुळे धडे-कवितांसोबत एक अख्खी कादंबरी पण वाचायची असते. मी आधी नुसता अभ्यास घ्यायला म्हणून हातात घेतली, मग ती माझ्या ऑफिसच्या बॅगेतच राहायला लागली, मग नवऱ्याने पळवली, मग रविवारी धाकटा दीर आला त्याने वाचली, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी तर कपाटातनं त्यांची कॉलेजच्या वेळची जुनी प्रत काढली. दोन आठवडे आमच्याकडे जेवताना हाच विषय चाललाय, म्हणून म्हटलं नीट लिहूनच टाकू, कारण यावर्षी ठाण्यात बऱ्याच आयांच्या हातात हे पुस्तक येणारे.

गोष्ट थोडक्यात. पुढच्या काळातली अमेरिका, पुस्तकं बाळगणं हा गुन्हा, आणि फायरमनचं काम आग विझवायचं नाही तर पुस्तकांना लावायचं. गाय मॉन्टॅग हा तसा एक फायरमन, तिशीचा, आपल्या कामावर खूश. शेजारी क्लॅरिस नावाची सतरा वर्षांची मुलगी राहायला येते, ती त्याला विचारते की तू सुखी आहेस का, आणि तिथून त्याचं सगळं उसवत जातं. पुस्तक छोटं आहे, दीड-दोनशे पानांचं, १९५३ सालचं.

आता मतं. लेक आणि तिच्या तीन मैत्रिणी आमच्याकडे ग्रुप स्टडीला बसल्या होत्या तेव्हा पहिलं वाक्य ऐकू आलं ते म्हणजे "काही घडतच नाही यार यात." आणि पहिल्या तीसेक पानांबद्दल त्यांचं म्हणणं मला पटलं. ब्रॅडबरी एक गोष्ट सरळ सांगत नाही, प्रत्येक वाक्यात काहीतरी कशासारखं तरी असतं, आगीला उपमा, अंधाराला उपमा, चेहऱ्याला तर चार चार उपमा, आणि चौदा वर्षांच्या मुलीला ते वाचताना दम लागतो. पण त्यांचा खरा राग वेगळाच होता. क्लॅरिस मध्येच गायब होते, बहुतेक गाडीखाली गेली असं नुसतं बोलण्यातनं कळतं, बस्स. "म्हणजे ती फक्त हिरोला जागं करायला होती का?" असं एकीने विचारलं. दुसरी म्हणाली शेवटी जंगलात शेकोटीभोवती पुस्तकं लक्षात ठेवणारी जी माणसं बसलीयेत ते सगळे पुरुषच आहेत, प्रोफेसर न् डॉक्टर न् रेव्हरंड. मी इतकी वर्षं वाचतेय पण माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मुलींचा हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे आणि पुस्तकाची ती कमतरता आहेच.

दीर घणसोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला अर्थातच त्यातल्या वस्तू भारी वाटल्या. १९५३ साली कानात बसवायच्या शिंपल्या, त्यातनं दिवसरात्र गाणी आणि गप्पा, मॉन्टॅगची बायको मिल्ड्रेड त्या इतकी वर्षं वापरते की नवऱ्याचं बोलणं ओठांवरून ओळखायला शिकलीये. भिंतीएवढे टीव्ही. पण त्याची तक्रार अशी की लेखक टेक्नॉलॉजीच्या विरोधात आहे, सगळा दोष यंत्रांना. इथे मी त्याच्याशी भांडले, कारण फेबर नावाचा म्हातारा प्रोफेसर स्पष्ट सांगतो की तुला पुस्तकं नकोयत, पुस्तकांत जे असायचं ते हवंय, आणि ते या टीव्हीवरसुद्धा दाखवता आलं असतं, दाखवत नाहीत ही गोष्ट वेगळी. त्याला तीन गोष्टी हव्यात, सकस मजकूर, तो पचवायला निवांतपणा, आणि जे कळलं त्यावर वागायची मोकळीक. ते पान मी त्याला काढून दाखवलं, त्याने दोनदा वाचलं, आणि म्हणाला की मधलीच गोष्ट आपल्याकडे नाहीये, निवांतपणा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बसून आलेल्या माणसाने ते म्हटलं त्यामुळे मला फार लागलं.

काकांचं मत एकदम ठाम: हे पुस्तक सरकारी दडपशाहीवर आहे, दुसरं काही नाही. आणीबाणीत ते कॉलेजात होते. कोऱ्या सोडलेल्या अग्रलेखाच्या जागा त्यांनी पाहिल्यात, १९७५ ला कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत उघड बोलल्या आणि पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं, हे सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो. "अगं, पुस्तक जाळणारा आधी पेपर कोरा करतो," म्हणाले. मी त्यांचं म्हणणं खोडणार नाही. जर्मनीत १९३३ ला पुस्तकांच्या होळ्या झाल्या ते ब्रॅडबरीच्या डोक्यात होतंच, आणि त्याने लिहिलं त्या वर्षांत अमेरिकेतसुद्धा कोण कम्युनिस्ट याच्या चौकश्या चालल्या होत्या.

पण मग बीटीचं काय करायचं? बीटी म्हणजे मॉन्टॅगचा कॅप्टन, स्वतः भरपूर वाचलेला आणि तरी जाळणारा, माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात जबरदस्त पात्र. तो मॉन्टॅगच्या घरी येऊन सांगतो की हे सरकारने वरून लादलेलं नाही. आधी लोकांना लांब वाचवेना, मग पुस्तकं छोटी झाली, मग पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात, मग शब्दकोशातल्या दहाबारा ओळींत. हॅम्लेट एका पानात. डायजेस्टचं डायजेस्ट. लेकीला हा शब्द लगेच कळला, कारण तिच्या स्टेट बोर्डातल्या चुलत बहिणीकडे प्रत्येक विषयाचं डायजेस्टच असतं, आणि मूळ पुस्तक वर्षभर कोरं करकरीत राहतं. फायरमन सगळ्यात शेवटी आले, लोकांनी स्वतःहून सोडून दिलेलं गोळा करून जाळायला. ब्रॅडबरीने स्वतः २००७ साली मुलाखतीत सांगितलं होतं की हे पुस्तक सेन्सॉरशिपवर नाही, टीव्हीमुळे वाचनाची गोडी जाते त्यावर आहे. लेकीने परीक्षेत हेच लिहिलं आणि तिचे मार्क कापले, कारण मॉडेल आन्सरमध्ये "सेन्सॉरशिप" एवढंच होतं. मला याचं खरंच वाईट वाटलं. पुस्तकं चार ओळींत बसवू नका असं सांगणारी कादंबरी, आणि तिच्यावरचं उत्तर ठरलेल्या चार ओळींतच हवं!

शाळांच्या बाबतीत या पुस्तकाची एक हकिकत तर प्रत्येक शिक्षकाने वाचावी. १९६७ ला प्रकाशकाने हायस्कूलसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि लेखकाला न सांगता त्यात बदल केले. शिव्या काढल्या, गर्भपाताचा उल्लेख काढला, दारू प्यायलेल्या माणसाचा आजारी माणूस केला. पुढे १९७३ पासून तर बाजारात तीच एक कापलेली आवृत्ती मिळत होती, आणि लेखकाला कळलं १९७९ मध्ये, तेही वाचणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे. मग त्याने मूळ मजकूर परत लावून घेतला. पुस्तकं जाळण्याविरुद्धचं पुस्तक शाळेसाठी गुपचूप कापलं गेलं आणि पकडून दिलं पोरांनी. हे ऐकल्यावर लेकीची "काही घडतच नाही"वाली मैत्रीण परत पहिल्या पानापासून वाचायला बसली.

आता माझं. मी ते बहुतेक ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचलं, सकाळची जाताना आणि संध्याकाळची येताना. दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे, मॉन्टॅग ट्रेनमध्ये बसून बायबलमधल्या ओळी पाठ करायचा जीव तोडून प्रयत्न करतोय, कारण पुस्तक थोड्या वेळाने हातातनं जाणारे, आणि डब्यात टूथपेस्टची जाहिरात वाजतीये, तीच तीच, आणि बाकीचे पाय त्या तालावर हलतायत, शेवटी तो उभा राहून ओरडतो. लहानपणी समुद्रावर चाळणीत वाळू भरायचा प्रयत्न केला होता ते त्याला आठवतं, जितकं भराभर टाकावं तितकं भराभर गळतं. हे मी रबाळे ते कोपरखैरणेच्या मध्ये कुठेतरी वाचत होते, माझ्या एका बाजूला कुणाचंतरी रील इअरफोनशिवाय वाजत होतं, समोर दुसरं, आणि मला एकच परिच्छेद चार वेळा वाचावा लागला. इतकं नेमकं मला कुठल्याच पुस्तकात पकडल्यासारखं वाटलं नव्हतं.

पण मला खरं सांगायचंय ते मिल्ड्रेडबद्दल. सगळे तिला वाईट ठरवतात, लेकीच्या कॅरेक्टर चार्टमध्ये तिच्यापुढे "निगेटिव्ह" असं लिहिलंय, नवरा म्हणाला किती पोकळ बाई आहे. सुरुवातीलाच ती झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली घेते, आणि तिला वाचवायला डॉक्टर येत नाहीत, मशीन घेऊन दोन कामगार येतात, पोट साफ करतात आणि म्हणतात अशा केसेस रात्रीत नऊ-दहा असतात. सकाळी तिला काहीच आठवत नाही, आणि ती परत चौथी टीव्हीची भिंत मागते, जिची किंमत नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांश आहे. ही बाई निगेटिव्ह कशी? ती बुडतीये आणि घरात कुणाला ऐकू येत नाहीये, मॉन्टॅगलासुद्धा नाही, तो पुस्तकांना वाचवायला निघालाय. त्या दोघांना आपण पहिल्यांदा कुठे भेटलो हेसुद्धा आठवत नाही. ते त्याला आठवतं अगदी शेवटी, शहरावर बॉम्ब पडतो तेव्हा, शिकागो. तिथे मला रडू आलं, तुर्भ्याला उतरायचं होतं तेही विसरले. त्या रात्री नवऱ्याला विचारलं की आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, तो लगेच म्हणाला गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर, कोणतं नाटक होतं तेही सांगितलं. मग म्हणाला, मिल्ड्रेडचं ते पान दे परत.

शेवटावर मात्र घरात उभी फूट. शेवटी मॉन्टॅग शहराबाहेर पळतो आणि त्याला ही माणसं भेटतात, प्रत्येकाने एकेक पुस्तक तोंडपाठ केलंय, परत छापायचे दिवस येईपर्यंत. दीर म्हणाला हे भाबडं आहे, पाठांतर म्हणजे बॅकअप नव्हे. मुलींना पण पटलं नाही. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या, त्यांनी कादंबरी वाचलेली नाही, पण लेकीने त्यांना सगळी गोष्ट रात्री झोपताना सांगितली होती, आणि त्या एकदम म्हणाल्या, "यात काय नवल? तुकोबांची गाथा बुडवली इंद्रायणीत, ती लोकांच्या तोंडातच राहिली की." मग म्हणाल्या, "आणि पुरुषच कशाला? आमच्याकडे तर बायकांनीच पाठ केलं सगळं, जात्यावर." आणि त्यांच्या आईकडनं आलेल्या ओव्या म्हणायला लागल्या, एकामागून एक, दळताना म्हणायच्या त्याच संथ चालीत. मला लग्नाला सतरा वर्षं झाली, हरिपाठ त्यांना येतो हे माहीत होतं, या ओव्या मी पहिल्यांदा ऐकल्या. लेकीची ती आक्षेपवाली मैत्रीण पण होती तेव्हा, तिने फोन बाजूला ठेवला आणि ऐकत बसली.

घेणाऱ्यांसाठी: प्रत घेताना ब्रॅडबरीने नंतर जोडलेलं टिपण आहे ती बघून घ्या, शाळेच्या त्या काटछाटीबद्दल तो फार पोटतिडकीने बोललाय त्यात. स्टेशनजवळ फुटपाथवरची स्वस्त प्रत आम्ही आधी घेतली होती, तिच्यात मधली पानं इतकी फिकट की वाचता येईनात, दुसरी आणावी लागली. नववीच्या आधी देऊ नका, भाषा झेपत नाही. आणि पहिल्याच भागात ते गोळ्यांचं आहे, तेव्हा मूल ते वाचत असेल त्या दिवशी जरा जवळ बसा, विचारा काय वाटलं. माझ्याकडून चार स्टार, एक कापला तो क्लॅरिससाठी. सासूबाईंच्या ओव्या लेक आता वहीत उतरवून घेतीये, काल रात्रीपर्यंत एकोणीस झाल्या, आणि दोन ओळी त्यांना आठवत नाहीयेत म्हणून वाईच्या मावशींना फोन लावायचाय.