जॅक पत्र्यात घुसला! रत्नागिरीतल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडचा माझा अनुभव

आरे-वारेच्या रस्त्यावर मागचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी काढली, जॅक लावला, दांडा फिरवत राहिले, पण गाडी काही उचलेना. कर्रकन् आवाज आला म्हणून वाकून पाहिलं, तर जॅकचं डोकं दाराखालच्या पत्र्यात बोटभर आत गेलेलं. वरून रंग अगदी शाबूत. हात लावला तर तपकिरी पापुद्रे गळायला लागले. मुलगी म्हणाली, "आई, खारी कशी पडते तसं पडतंय."

ही जानेवारी 2024 ची गोष्ट. गाडी ऑगस्ट 2009 ची, चंदेरी, पेट्रोलवरची. पंधरा वर्षं भरत आली होती, म्हणजे आरटीओत तपासणी करून नोंदणी पुढची पाच वर्षं वाढवून घ्यायची होती. खालून अशी खारी झालेली गाडी तिथे कोण पास करणार? त्यातून माझं सासर गुहागरकडचं. वर्षातून आठ-दहा वेळा जयगडहून तवसाळला फेरीबोटीतून जाणं होतं, आणि भरतीच्या वेळी उतरताना खारं पाणी खालून सपकन् उडतं. वर आमचा तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे, एकीत साधं पाणी, एकीत उकळलेलं पाणी आणि वर तेल, एकीत कॅल्शियम क्लोराइड. गंज कुठे चढला ते मुलं बरोबर सांगतात. बाईंच्या गाडीखाली काय चाललंय हे मात्र बाईंना कळलं नाही.

शाळेतल्या एका शिपाईमामांनी या गॅरेजचं सांगितलं. नाचणे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला आत एक पत्र्याची शेड आहे, पाटीवरची अक्षरं पार पुसलेली, दारात फणसाचं झाड. मालकांना सगळे चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते. सत्तरीच्या आसपासचे असतील. मी जॅकचं भोक दाखवायला लागले तर त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. आधी ड्रायव्हरच्या बाजूची रबरी मॅट उचलली, गालिच्यावर तळवा दाबला आणि वास घेतला. मग तांब्याभर पाणी आणून समोरच्या काचेच्या बुडाशी, वायपरजवळच्या काळ्या जाळीत ओतलं. मला म्हणाले, "मॅडम, आत बसा आणि पाय बघा." मिनिटभरात माझ्या चपलेशेजारी थेंब पडायला लागले.

गाडी आम्ही आंब्याखाली लावतो. त्या जाळीखालून पाणी बाहेर जायची जी वाट असते ती मोहोर, पानं आणि मातीने बुजली होती. पाणी तुंबून आत झिरपायचं, गालिच्याखाली मुरायचं, तिथून कडेच्या पोकळ पत्र्याकडे. दोन पावसाळे सासूबाई म्हणत होत्या, गाडीत कुबट वास येतो. मी कापूर ठेवला होता!

मग त्यांनी लहान हातोडी घेऊन गाडीभोवती फेरी मारली. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भदभद. भदभद ऐकू येईल तिथे खडूने गोल. माझ्यासमोर अकरा गोल झाले. मागच्या चाकाच्या कमानीशी आले, खिशातून कपाटाच्या दाराचं लोहचुंबक काढून लावलं, ते घसरून खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. तीन वर्षांपूर्वी तिथे रंगाला फोड आले होते आणि मी ते दुसऱ्या एका ठिकाणी (नाव नको) साडेपाच हजारांना करून घेतले होते. चाचांनी पटाशीने खरवडलं. आत लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, अंगठ्याएवढा जाड थर, त्याच्या मागे ठासून भरलेला वर्तमानपत्राचा बोळा. उलगडला तर सोन्याचा भाव वाचता येत होता.

काम कसं करतात ते बघायला मी दोनदा शाळा सुटल्यावर गेले. बॅटरीची वायर काढलेली, सीट बाहेर, गालिचा झाडावर वाळत. गाडीच्या तळावरचा डांबरी थर खरवडल्यावर ड्रायव्हरच्या पायाखाली हातभर लांबीची चाळण दिसली. दाराखालचा पोकळ पत्रा, गॅरेजवाले त्याला रनिंग बोर्ड म्हणतात, कापला तेव्हा त्यातून दोन ओंजळी लाल माती निघाली, जांभ्याची, अजून ओलसर. सोबत सात काजूबिया. उंदराने कुठून नेल्या देव जाणे. गंज जिथे संपतो तिथे न थांबता चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत ग्राइंडर मारायचा हा चाचांचा हट्ट. कडेला गंजाची रेघ राहिली तर नवा तुकडा धरत नाही, म्हणाले. वीस गेज जाडीचा नवा पत्रा ठोकून आकार दिला आणि सीओटू वेल्डिंगने थोडं इकडे, थोडं तिकडे असं जोडत गेले. एका दमात लांब टाका मारला तर पातळ पत्रा तापून वाकतो.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. मला घाई होती, म्हणून म्हटलं, खालून काळं कोटिंग आजच मारून टाका ना. चाचा नाही म्हणाले. गाडी खालून धुतली होती आणि त्यांना अजून दोन दिवस ऊन हवं होतं. "ओल्यावर कोटिंग मारलं की गंज आत शिजतो मॅडम. बाहेरून काय दिसत नाय." तिथे उभ्या उभ्या मला माझी दुसरी परीक्षानळी आठवली. पाणी आधी उकळून त्यातली हवा घालवली नाही तर वरचं तेल काय कामाचं? इतकी वर्षं मे महिन्यात गाडीखाली जळकं ऑइल मारून घेण्यात मी धन्यता मानत होते.

जोडांवर सीलंट भरलं, त्यावर झिंकचा प्रायमर, मग कोटिंग. पोकळ भागात लांब नळीने मेण फवारलं आणि भोकांना रबरी बुचं बसवली. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती सायकलच्या तारेने मोकळी करायला मला शिकवली. आता दर मिरगाच्या आधी मीच करते.

आता तक्रारी. आठ दिवस सांगितले होते, लागले एकोणीस. त्या दिवसांत मी रिक्षाला घातलेले पैसे धरलेच नाहीत. अंदाज बारा हजारांचा दिला, झाले साडेअठरा. पण पत्रा उघडल्यावर वाढीव कामासाठी फोन आला होता, मी हो म्हटल्यावरच पुढे गेले, त्यामुळे फसवणूक म्हणता येणार नाही. बिल वहीच्या पानावर, जीएसटीचं पक्कं बिल हवं असेल तर इथे येऊ नका. पैसे फोनवरून घेतात. मागच्या दाराचा रंग सावलीत जुळतो, पण उन्हात एक छटा उजळ दिसतो. चंदेरी रंगात कण असतात, ते जुळवणं कठीण हे मला मान्य, तरी पेंटर पोराने शेजारच्या पत्र्यापर्यंत रंग विरवत न्यायला हवा होता. गालिच्याची एक क्लिप हरवली ती हरवलीच. आणि गल्ली इतकी अरुंद की मोठी गाडी रिव्हर्सनेच बाहेर काढावी लागते.

नोंदणी ऑगस्टमध्ये वाढवून मिळाली. तपासणाऱ्याने खाली वाकून पाहिलं, मी तिकडे पाठ करून उभी होते. जून ते सप्टेंबर गालिच्याखाली वर्तमानपत्र घालून ठेवलं होतं, दर रविवारी काढून बघायचे. एकदाही ओलं झालं नाही. ऑक्टोबरात पाखाडीच्या दगडावर टायर फुटला, तेव्हा जॅक लावून आधी दहा सेकंद कान देऊन ऐकलं आणि मगच दांडा फिरवला.

जायचं असेल तर मार्च-एप्रिलात जा, पावसाळ्यात ते पत्र्याचं काम घेतच नाहीत. शुक्रवारी दुपारी शेड बंद असते. मागच्या दाराचं माझं बोलणं झालंय, "आणा, बघू" म्हणालेत. आंब्याचा मोहोर गळून गेला की नेईन.