‘कोसला’ परत वाचताना : २७ वर्षांनी, सहा महिने

१९९७ साली पुण्यात अप्पा बळवंत चौकात घेतलेली भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ची प्रत गेल्या जूनपासून डिसेंबरपर्यंत परत वाचली. गोव्यातल्या चोडण-रायबंदर फेरीबोटीत, सकाळी दोन-तीन पानं, संध्याकाळी दोन-तीन. आता वाटतं, ही कादंबरी अशीच वाचावी. एका बैठकीत संपवली की तिचा नायक पांडुरंग सांगवीकर अंगात येतो आणि दुसऱ्या कुणाचं काही ऐकू येत नाही. पहिल्या वेळी माझं तेच झालं होतं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. घरी कोकणी, त्यामुळे पुण्यातल्या मराठीपुढे बुजायचो. खानदेशातल्या खेड्यातून आलेला एक मुलगा त्याच पुण्यात स्वतःच्या तऱ्हेने बेधडक बोलतो, याचा केवढा आधार वाटला! घरी पाठवलेल्या पत्रांतसुद्धा मी ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरायला लागलो होतो.

पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. सगळ्या हॉस्टेलच्या आणि मित्रांच्या पानांवर. वडिलांशी खटके उडतात तिथे समासात दोन-दोन उभ्या रेघा. पांडुरंगची धाकटी बहीण मनी मरते, त्या पानांवर एकही खूण नाही. यंदा तीच पानं मला फेरीत वाचवेनात. पुस्तक मिटून पाण्याकडे बघत बसलो, आणि उरलेलं रात्री घरी वाचलं.

प्रतीबद्दलही सांगतो. पुठ्ठ्याला कसर लागली आहे, पावसाळ्यात बुरशी धरते, दर आठवड्याला पुसून उन्हात ठेवावी लागली. ऑगस्टमध्ये अशीच झटकताना मधल्या पानांतून मनीऑर्डरचं कुपन पडलं. बाबांचं अक्षर : ‘पैसे पाठवले आहेत. पोचल्याचं कळव. जेवणाची आबाळ करू नको.’ मी त्याची वाचनखूण केली होती. पैसे पोचल्याचं कळवलं होतं का, ते काही केल्या आठवत नाही. विचारायला आता बाबा नाहीत.

त्यानंतर मी कादंबरीतल्या वडिलांकडे बघायला लागलो. त्यांची बाजू मांडायला तिथे दुसरं कुणी नाही. जे कळतं ते त्यांच्यावर चिडलेल्या मुलाच्याच तोंडून. तरी तो माणूस पुरता दिसतो. त्याचा हिशेबीपणा दिसतो, आणि पोरावर पैसा घालतानाची काळजीही. १९६३ साली कादंबरी आली तेव्हा नेमाडे स्वतः पंचविशीतले होते. त्या वयात हे त्यांनी कसं लिहिलं असेल, याचं मला आज सगळ्यात नवल वाटतं. बंडखोर पुस्तक म्हणून मी ती मित्रांच्या हातात कोंबत असे, आणि हे सगळं तिच्यात तेव्हाही होतंच.

काही गोष्टी खटकल्या. पुण्याचा भाग मध्ये रेंगाळतो. घराबाहेरच्या बायका-मुली दुरूनच दिसतात. एकोणिसाव्या वर्षी हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पण शेवटी पांडुरंग गावी परततो, तो भाग तेव्हा मला पराभवाचा वाटला होता. या वेळी मी तो दोनदा वाचला, सावकाश.

माझी मुलगी यंदा पुण्याला शिकायला गेली. पैसे फोनवरून जातात, बटण दाबलं की पोचतात. संदेशाच्या जागी मी काहीच लिहीत नसे. ऑगस्टपासून एक ओळ लिहितो.