ऑस्ट्रेलियातलं शाळेचं कॅन्टीन ॲप: सोय खरी, पण वर्ग आणि तारीख सांभाळा

ऑस्ट्रेलियात बहुतेक शाळांत मुलांना शाळेकडून जेवण मिळत नाही. डबा घरून द्यायचा, नाहीतर कॅन्टीनमधून मागवायचा. पूर्वी तपकिरी कागदी पिशवीवर नाव, वर्ग आणि पदार्थ लिहून आत सुट्टे पैसे टाकत. आता बऱ्याच शाळा फ्लेक्सीस्कूल्स, क्विकक्लिक, मंचमॉनिटर अशांपैकी एखाद्या ॲपवर ऑर्डर घेतात. कोणतं ॲप घ्यायचं हे शाळा ठरवते, त्यामुळे त्यांची आपापसात तुलना करण्यात पालकांचा काही फायदा नाही. सांगाडा सगळ्यांचा सारखाच, आणि गडबडीच्या जागाही त्याच.

खातं उघडून मुलाचं नाव, शाळा आणि वर्ग भरायचा. यातला वर्ग सगळ्यात महत्त्वाचा. कटऑफ, म्हणजे ऑर्डर द्यायची शेवटची वेळ, झाला की कॅन्टीनमध्ये प्रत्येक ऑर्डरचं लेबल छापलं जातं, ते पिशवीवर चिकटतं आणि पिशव्या वर्गवार टोपल्यांत जातात. जानेवारीअखेर नवं वर्ष सुरू झालं आणि ॲपमध्ये जुनाच वर्ग राहिला, तर पिशवी जुन्या वर्गात पोचते आणि मूल नव्या वर्गात उपाशी बसतं. सुरुवातीला काही शाळांत तात्पुरते वर्ग असतात. कायमचा वर्ग कळला की लगेच बदल करा.

ऑर्डर करताना आधी तारीख, मग मूल, मग पदार्थ. रिसेस (छोटी सुट्टी) आणि लंच हे वेगळे मेन्यू असतात. लंचमध्ये टाकलेलं फळ छोट्या सुट्टीत मिळणार नाही. कटऑफ बहुधा सकाळी शाळा भरायच्या सुमारास असतो, पण सुशीसारखा बाहेरून येणारा पदार्थ असेल तर कधी आदल्या दिवशीच. मूल आजारी पडलं तर कटऑफआधी ऑर्डर रद्द करा. पैसे सहसा कार्डावर न जाता ॲपच्या वॉलेटमध्ये येतात. कटऑफनंतर मात्र काही होत नाही, कारण टोस्टी किती, पास्ता किती ही यादी तोवर स्वयंपाकघरात गेलेली असते.

दर आठवड्याला आपोआप ऑर्डर लावायची सोय काही ॲप्समध्ये असते. मोहात पडू नका. सहल किंवा क्रीडादिन आला तर ती ऑर्डर तुमच्या वतीने कोणी रद्द करेलच असं नाही. दोन आठवड्यांपुरतं, शाळेचं कॅलेंडर बाजूला ठेवून, हातानेच ऑर्डर केलेलं बरं.

शुल्काचा हिशेब बारीक अक्षरात असतो. अनेक ठिकाणी ते पदार्थामागे नव्हे, ऑर्डरमागे लागतं. म्हणजे एका सफरचंदासाठी केलेली वेगळी ऑर्डर महाग पडते. शाळेने परवानगी दिली असेल तर रिसेस आणि लंच एकाच वेळी भरा. कार्डाने वॉलेट भरताना वेगळा आकार लागतो का, तेही पाहून घ्या.

शाकाहारी घरांनी मात्र इथे जास्त वेळ द्यावा. आपल्याकडचा हिरवा ठिपका अंडं वगळतो, इथलं 'व्हेजिटेरियन' वगळत नाही. मफिन आणि मेयोनेजमध्ये अंडं असू शकतं. जेलीत बहुधा जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून बनतं. हलाल लिहिलंय म्हणजे शाकाहारी असा अर्थ होत नाही, हेही नव्याने आलेल्यांच्या लक्षात येत नाही. पदार्थावर टिचकी मारून घटक वाचा. घटक दिलेच नसतील तर कॅन्टीनला विचारा, ॲपच्या मदतकेंद्राला त्यातलं काही ठाऊक नसतं. ॲलर्जी असेल तर ॲपमधल्या फिल्टरवर किंवा शेऱ्याच्या चौकटीवर विसंबणं धोक्याचं. गर्दीत शेरा वाचायचा राहून जातो, आणि अनेक कॅन्टीन पालकांच्या स्वयंसेवेवर चालतात. शाळेच्या कार्यालयात लेखी कळवलेलंच खरं.

मेन्यूत चिप्स, कोला दिसत नाहीत म्हणून मुलं कुरकुरतात, पण तो ॲपचा दोष नाही. न्यू साउथ वेल्सच्या सरकारी शाळांत मेन्यूतले किमान तीन-चतुर्थांश पदार्थ 'रोजचे', म्हणजे पौष्टिक, या गटातले हवेत आणि साखरेची पेयं विकता येत नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियात पदार्थांची पौष्टिकतेनुसार हिरवा, पिवळा, लाल अशी विभागणी आहे.

आठवड्यातून एक-दोनदा वापरायला ही सेवा चांगली आहे. रोज वापरली तर खिशाला जड. वॉलेटमध्ये लागतील तेवढेच पैसे ठेवा, कारण शाळा बदलली आणि नव्या शाळेचं ॲप वेगळं निघालं तर शिल्लक परत मिळवायला स्वतंत्र अर्ज करावा लागतो.